शेवटच्या पानावरची सही

ओनोरीनचा फोन आला तेव्हा उल्का निरगुडकर ऑफिसात दुपारचा चहा घेत होती. अनोळखी नंबर होता, पण "मादाम उल्का?" एवढे दोन शब्द कानावर पडले आणि ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली. आठ वर्षांत त्या सुरात तिला कुणी हाक मारली नव्हती.

"ओनोरीन! अगं, कुठून बोलतेस?"

"दिल्लीतून. म्हणजे गुरुग्रामहून. बहिणीला घेऊन आले आहे. तिच्या हृदयाची झडप बदलायची आहे."

"आणि मला आज कळवतेस?"

मग ओनोरीन म्हणाली, "भेटायला याल का? मला एक गोष्ट विचारायची आहे."

उल्का केंद्र सरकारच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होती. जन्म साताऱ्याचा, पण नोकरीची सगळी वर्षं दिल्लीत गेली. दहा वर्षांपूर्वी ती प्रतिनियुक्तीवर आफ्रिकेतल्या एका फ्रेंचभाषी देशात गेली होती. तिथे आपसातली लढाई विझवायला आंतरराष्ट्रीय शांतिसेनेची मोहीम चालू होती. लुवेबा नावाच्या नदीकाठी मोठा तळ होता, निरनिराळ्या देशांचे चार हजार सैनिक. ते पितात ते पाणी तपासायचं, एवढंच उल्काचं काम. मदतीला स्थानिक म्हणून ओनोरीन मिळाली. लढाईत शाळा जळाली म्हणून रिकामी झालेली इंग्रजीची शिक्षिका. हात असा हलका की काचेची वस्तू तिच्याकडून दोन वर्षांत एकदाही फुटली नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात तळाच्या खालच्या अंगाला असलेल्या माबेली गावात माणसं पटापट आजारी पडू लागली. उलट्या, पेजेसारखे जुलाब, दोन दिवसांत खेळ खलास. उल्काला शंका आली. तळावरचा मैला टँकरमध्ये भरून अठरा किलोमीटरवरच्या शुद्धीकरणाच्या टाक्यांत नेऊन ओतायचा, असा ठेकेदाराशी करार होता. उल्का आणि ओनोरीन एका सकाळी टँकरच्या मागोमाग गेल्या. टँकर टेकडीला वळसा घालून थांबला आणि तळापासून चारशे मीटरवरच्या एका उघड्या खड्ड्यात रिकामा झाला. खड्डा पावसानं तुडुंब भरलेला, आणि त्याचं पाणी ओढ्यातून सरळ लुवेबात. दोघींनी नमुने घेतले. तपासणीत पटकीचे जंतू सापडले. उल्कानं अकरा पानांचा अहवाल लिहिला, शेवटच्या पानावर सही केली आणि तो आपले प्रमुख सूर्यकांत राजवाडे यांच्या हातात दिला.

राजवाडे सर म्हणजे तिच्याखेरीज तिथला एकमेव मराठी माणूस. इंजिनिअर, वयानं पंधरा वर्षांनी मोठे, दिल्लीच्या मराठी मंडळातले जुने. त्यांनीच तिचं नाव या कामासाठी सुचवलं होतं. अहवाल वाचून ते म्हणाले होते, "उत्तम काम. मी आजच वर पाठवतो."

त्याच आठवड्यात घरून फोन आला. चेतनाला, उल्काच्या चौदा वर्षांच्या मुलीला, डेंग्यू झाला होता. उल्का मिळेल त्या विमानानं दिल्लीला आली. तिची मुदत संपायला एवीतेवी तीनच आठवडे उरले होते, ती परत गेलीच नाही. दहा दिवसांनी राजवाडे सरांचा ईमेल आला. इतर वेळी सगळं इंग्रजीत लिहिणाऱ्या सरांनी हा मात्र मराठीत लिहिला होता. 'उल्का, तुझ्या अहवालाचं चीज झालं. खड्डा बुजवला. ठेकेदाराला समज दिली. माबेलीत स्वच्छ पाण्याचे टँकर सुरू केले. शाबास! आता लेकीकडे लक्ष दे.' मागून शांतिसेनेच्या मुख्यालयाचं प्रशस्तिपत्रही आलं. ते बैठकीच्या खोलीत लागलं.

ही हकिकत उल्कानं किती वेळा सांगितली असेल, त्याला गणती नाही. नव्या भरती झालेल्या मुलांना, मंडळाच्या महिला दिनाला, चेतनाच्या शाळेत. सांगताना ती शेवटी नेहमी म्हणायची, "एक बाई, एक अहवाल, आणि एक गाव वाचलं."

म्हणून शनिवारी ती निघाली ती हौसेनं. बेसनाचे लाडू केले, डबा भरला. मयूर विहारहून मेट्रो बदलत गुरुग्राम गाठलं, पुढे रिक्षा केली. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत गेस्ट हाउसांची रांगच होती. पाट्या अरबीत, फ्रेंचमध्ये, रशियनमध्ये. औषधांच्या दुकानांपुढे गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले दुभाषे गिऱ्हाईक शोधत उभे होते. दुसऱ्या मजल्यावर ओनोरीननं दार उघडलं. केस पांढरे झाले होते. उल्का मिठी मारायला पुढे झाली, तशी ती बाजूला सरली आणि म्हणाली, "या. बसा."

खोलीत खिडकीशी तिची मोठी बहीण अलीन उशीला टेकून बसली होती. तिनं उल्काकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

ओनोरीननं पेटीतून चार कागद काढले आणि उल्कापुढे ठेवले. "मी एवढंच विचारायला तुम्हाला शोधलं, मादाम. हे तुम्ही का लिहिलं?"

उल्कानं चष्मा लावला. शांतिसेनेच्या मिशनचा शिक्का, विषय तोच, तारीख तीच. मजकूर मात्र तिचा नव्हता. तळाच्या सांडपाण्याचे सर्व नमुने मर्यादेच्या आत आहेत. नदीचं पाणी चांगलं आहे, आजाराशी तळाचा काहीही संबंध नाही. माबेलीतल्या आजाराचं कारण गावकऱ्यांच्या अस्वच्छ सवयी हे आहे. तीन पानं अशी. चौथं पान तिनं ओळखलं. 'वरील सर्व नमुने माझ्या देखरेखीखाली घेतले व तपासले आहेत,' आणि खाली तिची सही. सहीखाली सवयीनं दिलेली दोन टिंबंसुद्धा जागच्या जागी. तिच्या अहवालाचं अकरावं पान.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"सही तुमची आहे."

"सही माझी आहे."

"गावानं भरपाई मागितली, तेव्हा मिशनच्या कचेरीनं उत्तर म्हणून हे दिलं. म्हणाले, तुमच्याच बाजूच्या शास्त्रज्ञ बाईंनी तपासलं आहे." ओनोरीन शांतपणे बोलत होती, वर्गात बोलावं तसं. "मी त्या काचेच्या बशा माझ्या हातांनी धुतल्या होत्या, मादाम. त्यांत वाढलेले जंतूंचे पिवळे ठिपके मी पाहिले होते. मी तसं गावात सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली. आणि गाव म्हणालं, तूही त्यांच्यातलीच."

"खड्डा? खड्डा तर बुजवला होता ना?"

ओनोरीन तिच्याकडे पाहत राहिली. वेड्या माणसाकडे पाहावं तशी. "खड्डा मिशन जाईपर्यंत चालू होता. आणखी तीन वर्षं."

"किती माणसं..."

"आमच्या गावात एकशे त्रेसष्ट. खालची गावं कुणी मोजली नाहीत. आमची आई तिसऱ्या आठवड्यात गेली."

लाडवांचा डबा टेबलावर तसाच होता. निघताना तो परत उचलावा की ठेवावा, हेही तिला कळेना. शेवटी तिथेच ठेवून ती जिना उतरली. चारही कागदांचे फोटो तिनं मोबाइलमध्ये काढून घेतले होते. मेट्रोत ते ती पुन्हा पुन्हा उघडत होती आणि शेवटच्या पानाशी येऊन थांबत होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ती राजवाडे सरांकडे गेली. निवृत्तीनंतर ते गुरुग्राममध्येच गोल्फ कोर्स रोडवरच्या एका टॉवरमध्ये राहत होते. फाटकावर गार्डनं नाव विचारलं, फोन लावला, मग आत सोडलं. दार त्यांच्या पत्नीनं, सुखदाताईंनी उघडलं. "अगंबाई, उल्का! बऱ्याच दिवसांनी," म्हणून त्या कॉफी करायला आत गेल्या. सर बाल्कनीलगतच्या टेबलाशी पेपर वाचत होते.

उल्कानं काही न बोलता फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चारही पानं सावकाश पाहिली. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"कुणी दिलं?" त्यांनी विचारलं.

एवढ्या एका प्रश्नानं उल्काला सगळं कळलं. वाटेत येताना ती मनाशी घोकत होती, की सरांनाही कुणीतरी फसवलं असेल, त्यांच्या हाताखालच्या कुणाचं तरी काम असेल. ते म्हणतील, 'हे काय आहे?' त्यांनी विचारलं, कुणी दिलं.

"सर, माझी दहा पानं कुठे गेली?"

"उल्का, बस. तुला तेव्हाची परिस्थिती माहीत नाही. तो देश पेटलेला होता. तुझा अहवाल बाहेर गेला असता तर लोकांनी तळावर दगडफेक केली असती. तळावर सर्वांत मोठी बटालियन ज्या देशाची होती, तो देश ती परत बोलावणार होता. बटालियन गेली असती तर एकशे त्रेसष्ट नाही, हजारोंनी माणसं कापली गेली असती. वर बसणाऱ्याला हे बघावं लागतं."

एकशे त्रेसष्ट. उल्कानं तो आकडा त्यांना सांगितला नव्हता.

"खड्डा बुजवायला बटालियन कशाला परत जायला हवी होती, सर? दोन जेसीबी पुरले असते."

सुखदाताईंनी आणून ठेवलेला कॉफीचा कप त्यांनी उचलला. तेवढ्यात उल्काची नजर टेबलावरच्या फायलींकडे गेली. पाठीवर निळ्या बगळ्याचं चिन्ह होतं. दोन वर्षं रोज सकाळी तिनं ते चिन्ह ठेकेदाराच्या मैल्याच्या टँकरवर पाहिलं होतं.

"त्यांचं काम करता तुम्ही?"

"सल्लागार आहे. निवृत्तीनंतर माणसानं काहीतरी करायला हवं ना? त्यांचं भारतातलं ऑफिस इथेच आहे, सायबर सिटीत." ते अगदी सहज म्हणाले, आणि तेच तिला सहन होईना.

"मग मला खोटं का लिहिलंत? खड्डा बुजवला म्हणून? न लिहितात तरी चाललं असतं."

"तू पुन्हा पुन्हा विचारत राहिली असतीस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तुझ्या मनाला शांती मिळाली, प्रशस्तिपत्र मिळालं. वाईट काय झालं?"

"आणि मराठीत का लिहिलंत?"

सर किंचित हसले. "आपल्या माणसाला आपल्या भाषेत नाही लिहायचं, तर कुणाला?"

आठ वर्षं उल्कालाही तसंच वाटत आलं होतं. ते पत्र तिनं जपलं होतं ते त्या आपलेपणासाठी. आता तिला समजलं की मिशनच्या कुठल्याही फायलीत ते पत्र कुणाला वाचता येऊ नये, एवढ्यासाठी ते मराठीत होतं.

"मी तक्रार करणार आहे," ती उठत म्हणाली.

"कर. पण कुणाकडे करणार, ते सांग." त्यांच्या आवाजात राग नव्हता, शिकवणाऱ्याची सबुरी होती. "तिथलं कोर्ट आम्हाला बोलावू शकत नाही, आम्हाला संरक्षण आहे. इथल्या कोर्टाला तिथलं काही दिसत नाही. आणि मुख्यालयाची चौकशी मुख्यालयच करतं. कागदावर नाव एकच आहे, उल्का. तुझं." मग ती दाराशी पोचली तेव्हा ते मागून म्हणाले, "आणि घरी गेलीस की अविनाशला विचार, त्यानं तुला त्या वेळी परत का बोलावलं."

अविनाश, तिचा नवरा, केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता. भिडस्त, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती घरी आली तेव्हा तो जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसला होता आणि चेतना समोर लॅपटॉप घेऊन. उल्कानं पर्सही खाली ठेवली नाही.

"अविनाश, राजवाड्यांनी तुला तेव्हा फोन केला होता?"

त्याच्या हातातली जुडी तशीच राहिली. त्यानं 'कधी' असं विचारलंसुद्धा नाही.

"केला होता," तो म्हणाला. "म्हणाले, उल्कानं ठेकेदाराच्या माणसांशी वैर घेतलंय. ती माणसं काहीही करतील. तिला सांगू नका, ती हट्टाला पेटेल. घरचं काही कारण काढा आणि बोलावून घ्या. मी घाबरलो, उल्का. हजारो मैलांवर तू एकटी."

"आणि डेंग्यू?"

चेतनानं मान वर केली. "बाबा, मला डेंग्यू झालाच होता ना?"

"झाला होता गं. प्लेटलेट एक लाख चाळीस हजार होत्या." तो मेथीच्या पानांकडे पाहत म्हणाला, "मी फोनवर चाळीस हजार सांगितल्या. वरचा लाख गाळला."

उल्का खुर्चीवर बसली. त्या विमानप्रवासाचे नऊ तास तिला आठवले. शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून ती रडली होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तू घाबरलास, मला वाचवायला खोटं बोललास. ते मी समजू शकते. पण नंतर? पुढची आठ वर्षं?"

"त्यांनी पुढच्या वर्षी मंडळाच्या कोजागिरीला सांगितलं मला. हसत. म्हणाले, बरं झालं तुम्ही तिला बोलावलंत, नाहीतर तिनं सगळं मिशन बुडवलं असतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अहवाल पुढे गेला नसावा. पण तू इतकी खूश होतीस. लोकांना सांगत होतीस. मला वाटलं, आता कशाला..."

"मी स्टेजवरून सांगायचे, तेव्हा तू पहिल्या रांगेत असायचास."

"हो."

"टाळ्या वाजवायचास."

चेतनानं लॅपटॉप मिटला आणि उठून आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, नक्की झालं काय होतं तिकडे?"

"पटकीनं माणसं मेली."

"पटकी म्हणजे?"

"कॉलरा," उल्का म्हणाली, आणि भिंतीवरचं प्रशस्तिपत्र उतरवून तिनं ते पलंगाखाली सरकवलं. त्या दिवसापासून ती चेतनाच्या खोलीत झोपू लागली.

तिनं मुख्यालयाच्या चौकशी विभागाला सहा पानांची तक्रार लिहिली. मूळ अहवालाची प्रत तिच्याकडे नव्हती. लॅपटॉप मिशनचा होता, सामान राजवाड्यांनीच मागाहून पाठवलं होतं, त्यात कागद एकही नव्हता. हाती पुरावा म्हणून फक्त तो मराठी ईमेल. पण त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की तिच्या अहवालामुळे खड्डा बुजवला. पाणी स्वच्छ आहे असा अहवाल असता तर खड्डा बुजवायचा कशाला? वाचणाऱ्याला एवढं कळायला हरकत नव्हती. उल्काला खात्री होती.

अलीनचं ऑपरेशन झालं. त्या दिवसांत उल्का दोनदा गेस्ट हाउसवर गेली. ओनोरीन दार उघडायची, बसायला सांगायची, बहिणीच्या औषधांच्या चिठ्ठ्या समजून घ्यायची. त्यापलीकडे काही नाही.

पाच आठवड्यांनी मुख्यालयाचं उत्तर आलं. मोहीम समाप्त झाल्यामुळे तिच्या कारभाराची चौकशी आता शक्य नाही. श्री. राजवाडे निवृत्त असल्यानं शिस्तभंगाच्या कक्षेबाहेर आहेत. सोबत जोडलेला ईमेल संस्थेच्या अधिकृत भाषेत नसल्यानं विचारात घेता येत नाही. इथवर उल्कानं एका दमात वाचलं. शेवटच्या परिच्छेदाशी मात्र ती अडखळली. सदर अहवाल खोटा आहे असं खुद्द त्यावर सही करणाऱ्या व्यक्तीचंच म्हणणं असल्यानं, ही बाब योग्य त्या कार्यवाहीसाठी त्यांच्या मूळ विभागाकडे पाठवण्यात येत आहे.

चारच दिवसांत संचालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. भला माणूस, पण कागदाला भिणारा. "मॅडम, ये आपने क्या कर लिया? ख़ुद के पैर पर कुल्हाड़ी?" त्यांनी मेमो पुढे सरकवला. परदेशात भारत सरकारच्या प्रतिनिधी असताना खोट्या अहवालावर सही कशी केली, याचं स्पष्टीकरण पंधरा दिवसांत द्यावं. तोवर बढती स्थगित.

एकशे त्रेसष्ट माणसांच्या मृत्यूबद्दल जगातल्या एवढ्या मोठ्या संस्थेनं जाब विचारला होता, तो एकटीला. तिला.

त्या संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निमंत्रण आलं. वार्षिक स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे, जागतिक शांततेसाठी झटलेले आपले सूर्यकांत राजवाडे. खाली अभिनंदनाचे अंगठे आणि फुलं. उल्कानं तिथे दोन ओळी लिहिल्या, की या गृहस्थांविषयी मला सभेत काही सांगायचं आहे, वेळ द्यावा. ग्रुप एकदम गप्प झाला. तासाभरानं मंडळाच्या कार्यवाह शालिनीताईंचा फोन आला, आवाज अगदी मऊ. "उल्का, तू टेन्शनमध्ये आहेस असं कळलं. यार, घरातले वाद स्टेजवर नको ना आणूस." स्नेहसंमेलन झालं. अविनाश गेला नाही, ती गेली नाही. फोटो मात्र आले. शाल, श्रीफळ आणि सर.

अलीनला प्रवासाची परवानगी मिळाली, तेव्हा उल्कानं रजा घेतली आणि साकेतच्या कोर्टाबाहेर एका नोटरीसमोर जाऊन बसली. प्रतिज्ञापत्र तिनं आणि चेतनानं मिळून तयार केलं होतं. मराठी ईमेलचं ओळ न ओळ भाषांतर त्यात होतं. टँकर, खड्डा, नमुने, अकरा पानं, सगळं. शेवटी तिनं लिहिलं होतं, की अहवाल दिल्यानंतर त्याचं काय झालं याची मी स्वतः कधीच खातरजमा केली नाही.

नोटरीनं शिक्का उचलला आणि तसाच हवेत धरला. "मैडम, ये आख़िरी वाली लाइन तो आप अपने ही ख़िलाफ़ लिख रही हैं."

"हाँ. लगाइए."

गेस्ट हाउसवर सामान बांधून झालं होतं. ओनोरीननं प्रतिज्ञापत्र उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं, आणि अलीनच्या एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात ठेवलं. तिथे गेल्यावर गावाच्या वकिलाला देणार होती. त्यानं काय होईल हे तिलाही माहीत नव्हतं.

"आता तरी तुझा विश्वास बसला का?" उल्कानं विचारलं. विचारताना तिला आपलीच लाज वाटली.

"त्या खोलीत तुम्ही पहिल्यांदा कागद वाचलात ना, तेव्हाच बसला होता. तुमचा चेहरा मी पाहिला." ओनोरीन पाकिटाची दोरी गुंडाळत होती. "तुम्ही ते लिहिलं नाही. पण तुम्ही विचारलंही नाही, मादाम. माझा नंबर तुमच्याकडे होता. आठ वर्षांत एक फोन. ओनोरीन, खड्डा बुजवला का? मी सांगितलं असतं."

सरांवर विश्वास होता, हे उत्तर नव्हे. विमानतळाची टॅक्सी आली. अलीननं जाताना मात्र उल्काचा हात दाबला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. ओनोरीननं त्याचा अर्थ सांगितला नाही.

महिन्याभरानं एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. माबेलीतल्या शाळेचं आवार होतं. नवी शाळा, पत्र्याची. झाडाखाली चाळीसएक माणसं बसली होती. ओनोरीन म्हणाली, "मी तुमचा कागद वाचून दाखवला. त्यांना तुम्हाला बघायचं आहे."

उल्का ऑफिसच्या गच्चीवर गेली. मेमोचं स्पष्टीकरण देऊन झालं होतं, उत्तर यायचं होतं. तिनं मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सुरुवात केली, की मला तुमची माफी मागायची आहे. ओनोरीन स्थानिक भाषेत सांगत होती. कुणी मान हलवली नाही. मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा काठीवर भार देऊन उठला आणि बराच वेळ बोलला.

"ते म्हणतात," ओनोरीन म्हणाली, "माफीचं नंतर बघू. पहिल्या कागदात लिहिलं होतं पाणी चांगलं आहे. आता तुम्ही लिहिता तो कागद खोटा होता. बरं. पण आम्ही अजून तीच नदी पितो. आज ते पाणी प्यावं की नाही?"

उल्कानं तोंड उघडलं. पाण्याबद्दल विचारलं की सांगायची तिला तीस वर्षांची सवय होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

ओनोरीननं भाषांतर केलं. माणसं आपसात बोलू लागली. मागे कुणीतरी हसलं.

"तपासायला हवं," उल्का घाईनं म्हणाली. "तुला येतं, ओनोरीन. बाटल्या उकळून घे, खड्ड्याच्या खाली एक नमुना, गावाच्या वर एक..."

"बाटल्या उकळायला येतात मला. तपासू कुठे? जाताना त्यांनी प्रयोगशाळा उचलून नेली. चमचेसुद्धा ठेवले नाहीत."

"राजधानीत विद्यापीठ असेल ना? मी शोधते. तिथल्या कुणाशी तरी बोलते, आजच."

"शोधा," ओनोरीन म्हणाली. म्हातारा पुन्हा काहीतरी विचारत होता, ती त्याच्याकडे वळली, आणि फोन दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात गेला.